कुठला माऊस घेऊ?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे निवृत्त प्राध्यापक येतात, घरी बसून अनुवाद करणाऱ्या बायका येतात, आयटीतली पोरं कोथरूडहून फोन करतात. मी डॉक्टर नाही आणि कॉम्प्युटर विकतही नाही. नारायण पेठेत पुस्तकांचं आणि दिवाळी अंकांचं डीटीपी करते, पेजमेकरच्या जमान्यापासून. माझ्याएवढा माऊस फिरवणारं माणूस त्यांच्या ओळखीत दुसरं नसतं, म्हणून हात दुखायला लागला की माझी आठवण होते. मी उलट विचारते, "मुंग्या कुठल्या बोटाला येतात?" समोरचा जरा वैतागतो. त्याला कंपनीचं नाव आणि किंमत हवी असते आणि मी त्याच्या करंगळीची चौकशी करत बसते.

पण करंगळीवर बरंच ठरतं. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक अरुंद पन्हळ आहे आणि तिच्यावर आडवा, जाड पट्टा ताणलेला आहे. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस दाटीवाटीने जातात. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळी तिच्या अखत्यारीत नाही. तेव्हा या साडेतीन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमची शंका घ्यायची. मुंग्या करंगळीला आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला येत असतील, तर ती दुसरी नस, अल्नर. ती बहुतेक वेळा कोपरापाशी दबते. खुर्चीच्या कडक हातावर किंवा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून तासन्‌तास बसणाऱ्यांचं हे दुखणं. अशा माणसाने पाच हजारांचा माऊस घेतला तरी करंगळी तशीच राहणार. त्याने कोपर उचलावं, पैसे वाचवावेत.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर प्रकरण आणखी वेगळं. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून दुखण्याला त्याचं नाव पडलं. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ते हमखास गाठतं आणि आता मोबाइलवर अंगठा घासणाऱ्यांनाही. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणका असेल तर तो टेनिस एल्बो, मग जन्मात कधी रॅकेट धरली नसली तरी चालतं. क्लिक करायच्या तयारीत तर्जनी बटणावर अधांतरी धरून ठेवायची सवय बहुतेकांना असते. ते बोट आणि मनगट वर उचलून धरणारे स्नायू कोपराच्या त्याच हाडाला बांधलेले असतात. दिवसभर ते ताणून धरले की संध्याकाळी तिथे ठणका लागतो.

म्हणजे "माऊसने हात दुखतो" या एका तक्रारीत किमान चार वेगळी दुखणी असतात. आणि माझा अनुभव असा की कुठलंही यंत्र घ्या, ते हातावरचा भार काढून घेत नाही, दुसरीकडे नेऊन ठेवतं. मनगट सुटतं तेव्हा अंगठा अडकतो, अंगठा सुटला तर खांदा कुरकुरतो. तेव्हा भार कुठून काढायचा आणि आपल्या हाताचा कुठला भाग अजून धडधाकट आहे, हे आधी बघायचं. मग खरेदी.

मुळात माऊस निवडला गेला तो वेगावर. अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने 1964 मध्ये पहिला माऊस बनवला. लाकडी ठोकळा आणि त्याखाली दोन चाकं. मग त्यांनी तो प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, एवढंच काय टेबलाखाली गुडघ्याने हलवायची एक दांडी, या सगळ्यांशी लढवला आणि 1967 मध्ये निष्कर्ष छापले. पडद्यावरचा शब्द किती सेकंदांत सापडतो आणि किती चुका होतात, हे मोजलं होतं. रोज आठ तास वापरल्यावर हाताचं काय होईल, हा प्रश्न त्या परीक्षेच्या पेपरात नव्हता. आणि ट्रॅकबॉलला लोक नवी फॅशन समजतात, पण तो माऊसपेक्षा जुना. कॅनडाच्या नौदलासाठी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जो बनला, त्यात तिथल्या बोलिंगच्या खेळातला खराखुरा चेंडू बसवला होता.

आता मनगटाच्या बोगद्याकडे परत येऊ, कारण माझ्या धंद्यातल्यांचं सगळ्यात जास्त दुखणं तिथलं. पीटर कीर, डेव्हिड रेम्पेल वगैरे संशोधकांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांच्या मनगटात बारीक नळी घालून बोगद्यातला दाब मोजायचा, आणि तोही माऊस हातात असताना. हात नुसता माऊसवर ठेवला तरी दाब थोडा वाढतो. टिचकी मारताना आणखी वाढतो. पण बटण दाबून धरून माऊस ओढला, म्हणजे आपण ड्रॅग म्हणतो ते केलं, की दाब 30 मिलिमीटर पाऱ्याच्या घरात जातो. एवढा दाब दीर्घकाळ राहिला तर नसेला त्रास होऊ शकतो.

हे वाचलं तेव्हा मी माझाच हात नीट बघितला. मजकुराची चौकट पानावर ओढायची असते, तेव्हा तर्जनी बटण घट्ट दाबून धरते. दाब सुटला तर चौकट भलतीकडे पडते, म्हणून अंगठा आणि करंगळी माऊसला दोन्ही बाजूंनी चिमटतात. नेम बारीक असतो, म्हणून मनगट टेबलाला रुतवून तेवढंच बाहेरच्या बाजूला वळवलं जातं. बोटं ताठ, श्वास रोखलेला. आणि हे सगळं कशासाठी, तर चौकट दोन मिलिमीटर सरकवायला. दिवाळी अंकाच्या हंगामात जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात आणि प्रत्येक नव्या जाहिरातीमागे पुढची आठ पानं सरकतात. हात दुखणार नाही तर काय होईल?

म्हणून कुठलाही नवा माऊस सुचवण्याआधी मी फुकटचा उपाय सांगते. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये क्लिकलॉक नावाची एक सोय वर्षानुवर्षं पडून आहे. ती चालू केली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, बोट सैल ठेवून माऊस फिरवायचा आणि जागेवर पोचल्यावर पुन्हा एक टिचकी. ड्रॅग होतो, पण दाबून धरावं लागत नाही. पहिले काही दिवस मजकूर भलताच निवडला जातो, नंतर सवय होते. दुसरी गोष्ट, करेक्शन लावताना माऊसने पानभर शोधत फिरू नका. कंट्रोल-एफ दाबून दोन शब्द टाइप करा, कर्सर तिथे जातो. शब्द निवडायला कंट्रोल आणि शिफ्ट धरून बाणाची कळ, चौकट सरकवायला नुसता बाण. माझं निम्मं ड्रॅगिंग असंच गेलं, आणि कुठल्याही उपकरणाने दिला नसेल एवढा आराम यातून मिळाला. आमचे प्रूफं बघणारे काका या उपायावर नाराज आहेत. "अगं, पाच हजारांचं काहीतरी सांग, म्हणजे मुलाला अमेरिकेहून आणायला सांगता येईल!"

तर काकांसाठी पाच हजारांची यादी.

सगळ्यात जास्त बोलबाला असतो व्हर्टिकल माऊसचा, म्हणजे उभ्या माऊसचा. साध्या माऊसवर तळवा जमिनीकडे असतो आणि त्यासाठी हाताची दोन हाडं एकमेकांवर पिळली जातात. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, पीळ सुटतो. लॉजिटेकच्या अशा माऊसचा कोन 57 अंशांचा आहे. इव्होल्युएंटचा जवळजवळ सरळ उभा असतो. कोपराच्या बाहेरच्या ठणक्याला, हाताच्या पिळाला हा माऊस मी बेलाशक सांगते. कार्पल टनेलसाठी मात्र हात आखडता घेते. त्या आजाराच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या माऊसने मनगटाचा बाहेरच्या बाजूचा बाक कमी झाला, पण बोगद्यातला दाब काही उतरला नाही. जेलच्या पॅडनेही नाही. खोक्यावर मनगटाचं चित्र काढून 'वेदनामुक्ती' छापणाऱ्यांनी हा अभ्यास वाचलेला दिसत नाही.

उभ्या माऊसची दुसरी अडचण मापाची. चपलेचं माप आपण बघतो, हाताचं बघत नाही. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. बाजारातले बरेचसे उभे माऊस मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाचे आहेत. लहान हाताच्या बाईने तो धरला की बोटं बटणापर्यंत ताणावी लागतात आणि अंगठा कायम फाकलेला राहतो. म्हणजे कोपर वाचवायला गेलो आणि अंगठा घालवून बसलो. लॉजिटेकचा लिफ्ट नावाचा माऊस लहान आणि मध्यम हातांसाठी आहे आणि तो डावखुऱ्यांसाठीही निघतो. हजाराच्या आसपास मिळणारे स्वस्त उभे माऊस वजनाला फार हलके असतात. टिचकी आडवी मारायची असल्यामुळे अख्खा माऊसच बाजूला सरकतो, मग तो सरकू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरायचा, आणि पुन्हा तेच चिमटणं.

ट्रॅकबॉलमध्ये यंत्र हलतच नाही, फक्त चेंडू फिरतो. आमच्यासारख्या पुस्तकांचे गठ्ठे, प्रूफं आणि चहाचे कप यांनी भरलेल्या टेबलावर हे मोठंच सुख. पण ट्रॅकबॉल दोन जातींचे असतात आणि नेमकी चुकीची जात घेणारे पुष्कळ. लॉजिटेकच्या एम 575 मध्ये 34 मिलिमीटरचा चेंडू अंगठ्याने फिरवायचा. चालवायला सोपा, रूप ओळखीच्या माऊससारखं, म्हणून खपही चांगला. परंतु अंगठ्याच्या मुळाशी आधीच दुखत असेल तर तो विकत घेतलेला त्रास आहे. दिवसभराचा सगळा कारभार एकट्या अंगठ्यावर येतो. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसला बिलियर्डच्या चेंडूएवढा, साधारण 55 मिलिमीटरचा गोळा असतो. तो तीन बोटांनी, तळव्याने, कशानेही फिरवता येतो, डाव्या हातानेही. भार बोटाबोटांत वाटला जातो. चिमटायची गरजच उरत नाही, कारण धरायचं काही नसतं. मी स्वतः हाच वापरते. मात्र त्याची पाठ उंच आहे, पुढे मनगटाला आधार दिला नाही तर हात वर मुडपून राहतो. आणि बारीक नेमाचं काम, म्हणजे कोरलमध्ये अक्षराचे नोड ओढणं वगैरे, ट्रॅकबॉलवर मला आजही नीट जमत नाही.

त्या कामाला पेन टॅब्लेट. आमच्याकडची मुखपृष्ठं करणारी मुलगी वॅकॉमच्या पाटीवरच काम करते. पाटीचा कोपरा म्हणजे पडद्याचा कोपरा. हात जिथे नेला तिथे कर्सर आधीच हजर, त्यामुळे फरफटत न्यावं लागत नाही. हात लिहिताना असतो तसा कडेवर टेकतो, पीळ नाही. पण पेन घट्ट धरणाऱ्यांनी, शाळेत ज्यांची निबं मोडायची अशांनी, याच्या वाटेला जाऊ नये. चिमटा तर्जनी-अंगठ्यात येतो आणि दिवसाच्या शेवटी अंगठ्याचं मूळ बोलायला लागतं. शिवाय पेनाने डबल-क्लिक करणं म्हणजे डास मारण्यासारखं, नेम चुकतोच. लिखाणाचं काम असणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत, असं माझं मत.

लॅपटॉपचं टचपॅड आणि थिंकपॅडच्या कळांमधला तो लाल ठिपका यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन्हींत हात कीबोर्डपासून लांब जात नाही हा फायदा, एकाच बोटावर भार हा तोटा. दिवसातून तासभर ठीक.

खांदा दुखणाऱ्यांसाठी मात्र थोडं सविस्तर, कारण त्यांचा दोष माऊसमध्ये नसतोच. साध्या कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा पट्टा असतो. त्याच्यापलीकडे माऊस, म्हणजे हात कायम बाजूला फाकलेला. आकडे न लागणाऱ्यांनी तो पट्टा नसलेला आखूड कीबोर्ड घ्यावा, माऊस चार बोटं जवळ येतो. मला ती सोय नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे टाकल्याशिवाय येत नसत, आणि ती सवय अजून बोटांत आहे. म्हणून मी माऊसच डावीकडे नेला. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल एका टिचकीत होते. सुरुवातीला डाव्या हाताने अनुस्वार निवडायला गेलं की अख्खी ओळ निवडली जायची. पण उजव्या हाताचं निम्मं काम डाव्याने उचललं, आणि आता मी सकाळी डावा, दुपारनंतर उजवा असं करते. तोटा एकच. माझ्या मशीनवर दुसरं कोणी बसलं की क्लिक करायला जातं आणि मेनू उघडतो, मग आत कितीही काम चालू असो, हाक माझ्याच नावाने. हात अदलून बदलून वापरायचा तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला, साधा, स्वस्त माऊस लागतो. महागडे, उजव्या हाताला साच्यासारखे बसणारे माऊस इथे निरुपयोगी.

मनगटाखाली ठेवायच्या जेलच्या उशीबद्दल मला विचारू नये, मी तिच्या विरोधात आहे. नस जिथे आधीच दाटीत आहे, त्याच जागेवर बाहेरून वजन टेकवून माऊस फिरवायचा, यात शहाणपण कसलं? टेकायचंच तर हाताचा कोपराकडचा मांसल भाग टेबलावर टेकावा आणि माऊस कोपरापासून हलवावा. दोन टिचक्यांच्या मध्ये हात विसावायला उशी ठेवली तर हरकत नाही.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटरमुळेच कार्पल टनेल होतो ना? तसंही छातीठोक म्हणता येत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांची वर्षभर पाहणी करून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मुंग्यांच्या तक्रारी जास्त आढळल्या, पण खरोखरीचा कार्पल टनेल वाटतो तेवढा सर्रास नव्हता. थायरॉइड, मधुमेह, संधिवात, गरोदरपण ही त्याची जुनी कारणं. बायकांत तो जास्त दिसतो. म्हणून नुसती खरेदी करून गप्प बसू नये. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत माऊसबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "मॅडम, थायरॉइड केव्हा तपासलाय?" एवढंच. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा त्यांनीच दिला, त्याची किंमत माझ्या ट्रॅकबॉलच्या मानाने काहीच नव्हती. हातातून कप निसटायला लागले, बटण लावणं जमेना, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसायला लागला, तर माऊसच्या दुकानाची पायरी न चढता थेट डॉक्टरकडे जावं. नसेतून विद्युत्‌ संदेश किती वेगाने जातो, हे एका तपासणीत कळतं, आणि वेळ निघून गेली तर नस पूर्ववत होईलच असं नाही.

राहता राहिली खरेदी. पुण्यातल्या दुकानांत ही यंत्रं बहुधा सीलबंद खोक्यात असतात. "खोलून दाखवता येणार नाही, ताई," हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. आणि दुकानात दोन मिनिटं धरून काही कळतही नाही; हाताला खरं काय वाटतं ते आठवड्याभराच्या कामानंतर समजतं. म्हणून परत घेण्याची मुदत बघूनच ऑनलाइन मागवावं, खोकं फेकू नये. त्याहून बरं म्हणजे कोणाकडून तरी उसना आणावा. ट्रॅकबॉल उसना घेतलात तर तेवढा साफ करून घ्या. खालच्या भोकातून पेनच्या मागच्या टोकाने चेंडू वर ढकलला की तो निघतो. आत तीन बारीक दाणे दिसतात, त्यांवर चेंडू तोललेला असतो. दाण्यांभोवती राखाडी लोकरीसारखा मळ साचला की कर्सर अडखळतो आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. टूथपिकने तो मळ काढायचा, चेंडू सुती फडक्याने पुसून परत बसवायचा. बोटांचं तेल थोडं लागलेलं असलं तर चेंडू उलट छान फिरतो.

आमच्या कपाटातला अंगठ्याचा जुना ट्रॅकबॉल मी असाच उसना देत असते. सध्या तो प्रूफवाल्या काकांकडे आहे. परवा विचारलं, कसा वाटतोय? म्हणाले, "हात बराय गं, पण चेंडू नातवाने नेलाय. दिला परत की सांगतो."